टाकीला कुणी विचारलंच नव्हतं

महाराज एक चप्पल जिन्यात सोडून पळाले. पण हे अजून घडलेलं नाही, तेव्हा आपण काही ऐकलंच नाही असं समजू आणि निमूट गच्चीवर जाऊ.

गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकत अख्खी इमारत वर आली होती. मधोमध स्टँडवर चिमणीचा कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागे महाराज.

चिमणी म्हणजे दातांच्या दवाखान्यात एक्स-रे काढणारी सव्वीस वर्षांची मुलगी. महिन्यापूर्वी तिने डिजिटल कॅमेरा घेतला, लेन्सवर लावायची एक काच दुकानदाराने वर फुकट दिली, आणि ती रोज सूर्यास्त शिकू लागली. पहिल्या आठवड्यात सूर्य फोटोच्या बरोबर मधोमध, उकडलेल्या अंड्यासारखा. दुसऱ्या आठवड्यात ती त्याला बाजूला घ्यायला शिकली, आणि विरुद्ध बाजूच्या कोपऱ्यात एक हिरवा गोळा दिसू लागला.

"तुझे अण्णाच गं ते," आई म्हणाली आणि तिने महाराजांना बोलावलं.

अण्णा, चिमणीचे वडील, घड्याळं दुरुस्त करायचे. ते जाऊन दीड वर्ष झालं होतं. खाली त्यांचं दुकान बंद पडून होतं. तिथे चिमणीला फोटो स्टुडिओ काढायचा होता आणि महाराजांना ध्यानकेंद्र. हा निव्वळ योगायोग, असं महाराजांनी कुणी न विचारताच सांगितलं होतं.

"आत्मा मूळचा हिरवाच असतो," महाराज समजावत होते. "कंपनं वाढली की पिकतो. अण्णा, होय असेल तर उजवीकडे सरका. दुकान केंद्राला द्यायचं?"

त्यांनी कॅमेऱ्यावर हलकेच हात ठेवून डोळे मिटले. स्क्रीनवरचा गोळा उजवीकडे सरकला.

"सरकले!" दुसऱ्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या. "एवढे गुडघे दुखायचे, तरी सरकले!"

आईने दुकानाची किल्ली बाहेर काढली.

दवाखान्यात एक्स-रे बिघडला की डॉक्टरीणबाई एकच विचारायच्या: हललं कोण, पेशंट की मशीन? चिमणीने स्क्रीन निरखून पाहिली. अण्णा उजवीकडे सरकले होते. सूर्य डावीकडे सरकला होता. आणि समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकीसुद्धा डावीकडे सरकली होती. टाकीला तर कुणी काही विचारलंच नव्हतं.

"आई, थांब. महाराज, हात खिशात घाला."

"का?"

"अण्णांना गुदगुल्या व्हायच्या."

महाराजांच्या झग्याला खिसे नव्हते. त्यांनी हात पाठीमागे घेतले. चिमणीने तोच प्रश्न पुन्हा विचारला. गोळा ढिम्म. मग तिने स्वतः कॅमेरा डावीकडे वळवला. अण्णा डावीकडे. वर केला, अण्णा वर. खाली केला, अण्णा खाली. मग तिने त्यांना दोन फेऱ्या गरगर फिरवलं.

"पुरे गं, चक्कर येईल त्यांना!" काकू कळवळल्या.

"काकू, हे अण्णा नाहीत, ही फुकटची काच आहे. सूर्याचा उजेड कॅमेऱ्याच्या आतून उलटा फिरून हिच्यावर आपटतो आणि फोटोत सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला उमटतो. सूर्य मधोमध असला की गोळा त्याच्याच खाली लपतो. म्हणून पहिल्या आठवड्यात अण्णा आले नाहीत." तिने काच फिरवून काढली. गोळा गायब. पुन्हा लावली. हजर.

"ही तर आत्म्याची खिडकी..." महाराजांनी सुरुवात केली.

"दुकानदाराकडे खोकंभर खिडक्या आहेत."

आईने ती काच स्वतः एकदा फिरवून काढली आणि पुन्हा लावली.

"मला तेव्हाच कळायला हवं होतं," ती शेवटी म्हणाली. "तीस वर्षांच्या संसारात ते माझ्या एका प्रश्नाला पहिल्या झटक्यात 'होय' म्हणाले नाहीत."

तिने किल्ली चिमणीच्या हातात ठेवली, बाह्या सारल्या आणि महाराजांकडे वळली. त्यानंतर, सुरुवातीला आपण जे ऐकलं नव्हतं, ते झालं.

आपल्या माणसाची आठवण येणाऱ्याला हसू नका. पण आठवणीला हिरवा गोळा लागत नाही. फोटोत कुणी दिसलंच, तर आधी काच काढून बघा, मग हललं कोण ते बघा. पाया नंतरही पडता येतं.

या गडबडीत सूर्य मावळला आणि फोटो राहूनच गेला. दुसऱ्या दिवशी चिमणीने दवाखान्याच्या कागदावर रीतसर अर्ज लिहिला:

"प्रति, माननीय सूर्य, पश्चिम विभाग. विषय: कालचा सूर्यास्त पुन्हा करून मिळणेबाबत. महोदय, सदर सूर्यास्ताच्या वेळी अर्जदार वडिलांना गरगर फिरवण्यात व्यस्त होती. तरी तो त्याच ढगांसह पुन्हा करावा, आणि आता काच काढलेली असल्याने आपण एकट्यानेच यावे, ही नम्र विनंती."