त्रेसष्टचं बटण

डाव्या पायाची एक चप्पल, अंगठा शिवलेला.

सात किल्ल्या. कुठल्या कुलपांच्या, देव जाणे.

कारकुनाची कुरकुर: ‘पंखा पुन्हा बंद. सांगून सांगून जीभ झिजली.’

डॉक्टरबाईंचा चहा, वर साय धरलेली.

निळा चौकडीचा शर्ट. नंबर त्रेसष्ट.

बोट उलटून अकरा दिवस झाले होते. मृतदेह शेजारच्या शीतगृहात होते आणि त्यांच्या अंगावरचं सगळं या खोलीत, लांब टेबलांवर. पाण्याने चेहरे ओळखण्यासारखे ठेवले नव्हते, म्हणून नातेवाइकांना आधी कपडे दाखवत. चिखलाने माखलेले कपडे धुऊन, वाळवून मांडायचं काम शिंपीणबाईंकडे होतं. शिलाईचं दुकान बंद ठेवून त्या आल्या होत्या. आता पाठीचा भुगा झाला होता, बोटं साबणाने सोलली होती आणि रडणाऱ्यापुढे खुर्ची सरकवताना आत काही हलायचंही थांबलं होतं.

“बाई, एवढी निगुतीची घडी माझ्या लग्नातल्या कोटाचीही नव्हती,” नोंदणीचा कारकून म्हणाला.

“तुमच्या लग्नात मी नव्हते ना.”

दोघंही हसले नाहीत.

मुलाला शोधणारा ट्रकचालक तिसऱ्यांदा आला. मुलगा त्याच्या बायकोचा, पहिल्या नवऱ्यापासूनचा. बायको मागेच वारलेली. म्हणजे याचं रक्त तपासून उपयोग नव्हता. आणि उद्या सकाळी उरलेल्या सहा जणांना नंबरावरच माती देणार होते.

तो त्रेसष्टपाशी रेंगाळला.

“शर्ट तसाच आहे हो. पण हा नाही. त्याचं तिसरं बटण तुटलेलं. निघताना मीच पिन लावून दिली. टोचू नये म्हणून वर लाल दोरा गुंडाळला, तर म्हणतो, ‘बाबा, मी काय कुक्कुलं बाळ आहे?’”

“असे शंभर शर्ट असतात, काका,” कारकून म्हणाला.

“तेच म्हणतो. नसेलच तो बोटीवर. चुकली असेल त्याची बोट. चुकवायचा तो सगळंच.” तो दाराकडे वळला.

शिंपीणबाईंची नजर तिसऱ्या बटणावर होती. बाकीच्यांपेक्षा किंचित गडद. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: धुवा, बाकी काही करू नका. पण तुटकं बटण दिसलं की त्यांचा हात आपोआप सुईकडे जाई. तीस वर्षांची खोड. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. हा माणूस चुकलेल्या बोटीची वाट बघत घरी गेला असता. वर्षानुवर्षं.

“काका, थांबा.”

त्यांनी पिशवीतून स्वतःची पत्र्याची डबी काढली आणि टेबलावर उपडी केली. टाचण्या, सुया, पिना. एका गंजक्या पिनेला लाल दोरा होता.

“बटण मी लावलं. सवयीने. चूक माझी.”

त्याने पिन उचलली. कारकुनाला वाटलं, आता हा आकाशपाताळ एक करणार. पण ट्रकचालक खुर्चीत बसला आणि त्याने बटणावरून अंगठा फिरवला.

“चांगलं लावलंय,” तो म्हणाला. “मला जमलं नसतं.”

डॉक्टरबाई आल्या. नुसत्या कपड्यांवरून त्या कुणालाच ताब्यात देत नसत. “मुलाचं कधी हाड मोडलं होतं?”

“उजवं मनगट. सायकलवरून पडला होता, सहावीत.”

त्या फाईल घेऊन शीतगृहात गेल्या. अर्ध्या तासाने परत आल्या आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. “उजवंच मनगट. जुनं मोडलेलं,” त्या म्हणाल्या.

“बाई, मला हे वर कळवावं लागेल,” कारकून हळूच म्हणाला. “उद्यापासून तुम्हाला...”

“कळवा. ओल्या कपड्यांची बादली मात्र तशीच ठेवू नका, वास मारतो.”

आधीच्या दोन्ही खेपांना ट्रकचालक याच टेबलावरून पुढे गेला होता.

बटण त्यांनी तिसऱ्या दिवशी लावलं होतं, जेवणाच्या सुट्टीत. दोन मिनिटंही लागली नव्हती.