बहात्तरचा आकडा

मित्रांनो, आधीच बजावते. मी जुनी असले, रिकामी असले, तरी मला हात लावायचा नाही. लांबूनच ऐका. मी तीन नळ्यांची शिकारी बंदूक आहे. वर छऱ्यांच्या दोन नळ्या, खाली गोळीची एक.

माझा जन्म जर्मनीतल्या झूल गावचा. तिथे नळ्या कोरणारा वेगळा, लाकडी दस्ता घडवणारा वेगळा, नक्षी काढणारा वेगळा. एवढे हात फिरल्यावर मला परीक्षागृहात नेलं आणि नेहमीपेक्षा जास्त दारू भरून उडवलं. मी फुटले नाही, म्हणून नळ्यांच्या पोटाशी ठसे मिळाले. मुकुट आणि त्याखाली एकेक अक्षर, छऱ्यांच्या नळीला वेगळं, गोळीच्या नळीला वेगळं. शेजारी ९,३/७२. आणि पार कडेला, दिसेल न दिसेल असं, २.२९. नळ्या सुट्या केल्याशिवाय हे काही दिसत नाही.

तीन मालकांनंतर मी ओटमार रीसलांटकडे आले. एका निवृत्त वनरक्षकाकडून त्याने मला घेतलं. ओटमारच्या पणजोबांचा, लेब्रेख्टचा, झूलमध्ये बंदुका घडवायचा धंदा होता. त्यांच्या हातची एकही वस्तू घरात उरली नव्हती आणि ओटमारला त्याची खंत होती.

लग्नाला महिना झाला असेल. नळ्या टेबलावर ठेवून तो मला पुसत होता. त्याची बायको हिल्ड्रून वाकून बघत होती, तिला तो ७२ दिसला.

"अरे, हे तर अठराशे बहात्तर! तुझ्या पणजोबांच्या हातची आहे ही. आणि तू सांगितलंही नाहीस मला?"

ओटमारने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि फडक्यावर आणखी तेल ओतलं.

तेव्हापासून पन्नास वर्षं मी पणजोबांची बंदूक होते. हिल्ड्रून पाहुण्यांना सांगायची, शिकाऱ्यांच्या जेवणावळीत सांगायची, मुलाच्या शाळेतही सांगून आली. माझं कौतुक व्हायचं आणि मला चोरट्यासारखं वाटायचं. खरं काय ते माझ्या पोटावर कोरलेलं होतं, पण मला तोंड कुठे होतं?

गेल्या शरदात ओटमार गेला. हिल्ड्रूनकडे शिकारीचा परवाना नाही. नळ्यांत कुलूप ठोकून, पोलादी कपाटात घालून मला ठेवता आलं असतं. पण ती मुलाच्या घरी राहते आणि तिथे सुनेची, स्वेन्याची, दहा महिन्यांची इडा रांगते.

"आई, कुलूप लावलं तरी ती बंदूकच. माझी पोर दिसेल ते तोंडात घालते," स्वेन्या म्हणाली.

ती चुकली असं मला म्हणता येणार नाही. ती पोर रांगत जवळ आली की माझाही जीव खालीवर व्हायचा. विकायला नेलं तर दुकानदाराने माझ्यासारख्यांची रांगच दाखवली. म्हणाला, हिची काडतुसंही आता सहज मिळत नाहीत. आता एकच वाट होती. लेब्रेख्टच्या हातचं काम असेल तर संग्रहालय मला ठेवून घेणार होतं. नाहीतर शस्त्रांच्या सरकारी कचेरीत जमा, तिथून भट्टीत.

संग्रहालयातल्या केडिट्झबाईंनी नळ्या सोडवल्या, भिंग धरलं आणि कितीतरी वेळ मान वर केली नाही.

"आजी, लेब्रेख्ट कधी वारले?"

"एकोणीसशे चार."

"मग ही त्यांची नाही. नऊ पूर्णांक तीन ही गोळीची जाडी आणि हे बहात्तर म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाची लांबी, बहात्तर मिलिमीटर. साल हे इथे आहे, बघा. फेब्रुवारी एकोणीसशे एकोणतीस." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अशा चौदा आहेत आमच्याकडे."

हिल्ड्रूनने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"काडतुसं तर तोच आणायचा," ती म्हणाली. "खोक्यावर हाच आकडा असणार."

"असतोच."

"म्हणजे त्याला ठाऊक होतं. मी चारचौघांत सांगायचे तेव्हा तो हसायचा. मला वाटायचं, अभिमानाने हसतोय."

केडिट्झबाईंनी नळ्या परत जोडल्या. ओटमार होता तोवर एका प्रश्नात उलगडलं असतं, तो फसवत होता की त्याला तिचा आनंद मोडवत नव्हता. आता कुणाला विचारणार? मला माहीत आहे म्हणावं, तर मलाही फक्त त्याचे हात माहीत आहेत. त्याच्या मनातलं मला कधी कळलं नाही.

सोमवारी ती मला कचेरीत घेऊन आली. शिकार पडली की त्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवायची, शेवटचा घास म्हणून, अशी इथल्या शिकाऱ्यांची रीत आहे. हिल्ड्रूनने पिशवीतून फरच्या झाडाच्या डहाळीचं टोक काढलं आणि माझ्या खालच्या नळीत खोचलं. सही झाल्यावर कारकुनाने ते सवयीने उपसून टोपलीत टाकलं. नळीत काही ठेवायचं नसतं, असा नियम आहे म्हणाला.

मित्रांनो, आता माझ्या दस्त्याला चिठ्ठी आहे आणि चिठ्ठीवर भट्टीची, पुढच्या मंगळवारची तारीख आहे. ओटमारने मला कधी गंजू दिलं नाही, पण नुसतं तेलपाणी म्हणजे जपणं नव्हे. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूवर काही कोरलेलं असेल तर ती वापरणारं माणूस समोर बसलेलं आहे तोवर विचारून घ्या. उत्तर ऐकून वाईट वाटलं तरी विचारा. ते माणूस गेल्यावर नुसते ठसे उरतात, आणि ठसे फक्त साल सांगतात.