डावीकडची कोरी जागा

त्या दुपारी आई टेबलावर ओणवी होऊन वर्षभराच्या आकड्यांवरून नदी काढत होती. डिझाइन कॉलेजातून निवृत्त होताना तिचं प्रदर्शन भरणार होतं आणि मुख्य भिंतीवरचं चित्र अजून व्हायचं होतं. वर्तमानपत्रात आलेख काढता काढता त्याचीच तिच्या हातून कला झाली, आणि पुढे त्या कलेचा वर्ग. आकडे संगणकात गेले तरी पहिलं चित्र ती हातानंच काढायची. मुलं तिला पाठीमागे रेघबाई म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि आवडायचंही.

तिचा एक नियम होता. जिथला आकडा मिळालेला नाही तिथे अंदाजानं रेघ ओढायची नाही, जागा कोरी सोडायची. "माहीत नसेल तर गप्प बसावं," ती वर्गात म्हणायची, "माणसानंही आणि रेघेनंही."

लेक चहा घेऊन आली. आईच्या डाव्या हाताशी कप ठेवताना तिची नजर कागदावर गेली. वर्तुळाकार वर्ष, रोजच्या पाण्याची एकेक रेघ. उजवीकडे रेघांची दाटी आणि डावीकडे काहीच नाही. आकडे लेकीनंच तपासून दिले होते. त्यात एकही दिवस गळलेला नव्हता.

"झालं एकदाचं," आईनं पेन ठेवलं.

"झालं?"

"का? तुला कमी वाटतंय?"

"नाही, म्हणजे... डावीकडे..."

"डावीकडे काय? नीट बोल की. आणि चहा आणणार होतीस ना? की नुसत्या गप्पांवरच भागवायचं?"

कप तिच्या डाव्या कोपरापाशी वाफाळत होता. लेकीनं तो उचलला आणि उजवीकडे ठेवला.

"हं, आला बाई!" आई हसली आणि घोट घेतला.

लेकीच्या ओठांवर वाक्य आलं होतं, पण जीभ रेटेना. बोललं की खरं होईल, असं काहीतरी वेडं भय. शिवाय आईला चूक दाखवायची म्हणजे वाघाच्या जबड्यात हात. प्रदर्शन तोंडावर आलेलं. उद्या बोलू, तिनं ठरवलं. रात्री जेवताना आईच्या ताटातली डावी बाजू तशीच राहिली. लेकीनं मुकाट्यानं ताट फिरवून ठेवलं आणि आईनं उरलेलं संपवलं.

सकाळी आई उठलीच नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, डॉक्टर म्हणाले. "आधी काही जाणवलं होतं?" लेकीनं मान हलवली. नाही.

तेव्हापासून ती स्वतःचा कप डावीकडे ठेवते आणि दिसतो ना, ते पुन्हा पुन्हा बघते.

प्रदर्शन ठरल्याप्रमाणे भरलं. विभागप्रमुख आईचा जुना विद्यार्थी. त्यानं ते चित्र मुख्य भिंतीवर लावलं. लोक त्या कोऱ्या अर्ध्या भागापुढे हळूच थांबत होते.

"आकडे नव्हते तिथे बाईंनी एक रेघ ओढली नाही," तो म्हणाला. "शेवटपर्यंत नियम पाळला. ताई, तुम्ही दोन शब्द बोला."

लेक पुढे झाली. गप्प बसलं तर आईचं शेवटचं चित्र सुंदर राहणार होतं आणि कोणालाही, कधीही, काही कळणार नव्हतं.

"इथले आकडे होते," ती म्हणाली. "सगळे होते."

मग ती लोकांकडे पाठ करून चित्राकडे वळली, आणि त्या दुपारी टेबलापाशी अडकलेलं वाक्य मोठ्यानं म्हणाली,

"आई, तुला डावीकडचं दिसत नाहीये. ठेव ते पेन. चप्पल घाल, आपण आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जाऊ."