धारेतला मासा

ओल्या फडक्यावर आडव्या ठेवलेल्या माशाला प्राध्यापकांनी पाठीपासून पोटापर्यंत कॅलिपर लावला आणि आकडा वाचला. तिसऱ्यांदा. आकडा तोच. माशाला या प्रकरणात फारसा रस दिसत नव्हता.

"पुन्हा मोजू का, सर?" विद्यार्थिनीने विचारलं.

"नको. त्यालाही काही मान आहे."

त्यांनी मासा टाकीत सोडला. टाकीतलं पाणी संथ होतं आणि सगळी भानगड तिथेच होती. तरुणपणी प्राध्यापकांना नदीच्या उतारावर, ऐन धारेत, एक सडपातळ, टोकदार तोंडाचा मासा सापडला होता. खालच्या डोहातल्या जाड्या, बोथट तोंडाच्या माशाहून अगदी वेगळा. त्यांनी तो नवी जात म्हणून जाहीर केला, त्याला बायकोचं नाव दिलं आणि त्या बोटभर जिवावर नोकरी, बढती आणि बऱ्याच परिषदांतली जेवणं पदरात पाडून घेतली. आता या मुलीने धारेतल्या माशांची अंडी आणून संथ पाण्यात वाढवली होती. पिल्लं जाड झाली, बोथट झाली. डोहातली अंडी धारेत वाढवली, तर ती निघाली सडपातळ. जात एकच. फरक पाण्याचा.

"लेखावर तुमची सही हवी होती, सर. त्याशिवाय पाठवता येत नाही. आणि या महिन्यात गेला नाही, तर माझा त्या नोकरीचा अर्ज..."

"नमुने कमी वाटतायत. अजून एक हंगाम घेऊ."

नमुने रग्गड होते, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण या धंद्यात कुणी कुणाला नाही म्हणत नाही. नाही म्हटलं तर माणूस भांडतो. अजून एक हंगाम म्हटलं की मान डोलावतो.

"बरं, सर," ती म्हणाली आणि फडकं पिळत राहिली. फडक्यात पाणी उरलं नव्हतं.

घरी बायको बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होती. प्राध्यापक बूट न काढताच खुर्चीत टेकले आणि त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं.

"म्हणजे माझा मासा नाहीच?"

"आहे गं. वेगळा नाहीये, एवढंच."

"आणि नाव?"

"नाव पुसत नाहीत. डोहातल्या माशाच्या जुन्या नावाखाली बारीक अक्षरात राहतं. कायमचं."

"मग बिघडलं काय? सवय आहे मला."

ती हसली, म्हणून तेही हसले. एके काळी दोघं एकाच प्रयोगशाळेत होते. धारेत जाळं धरून उभं राहायचं काम तिचं, कारण तिचा पाय घसरत नसे. तिचा प्रबंध अर्धा झाला होता. पुढे तो अर्धाच राहिला.

"पोरगी काय म्हणाली?"

"काय म्हणणार? एक हंगाम थांब म्हटलं मी तिला."

चिमट्यावरचा तिचा हात थांबला.

"मलाही एकच हंगाम थांबायला सांगितलं होतं," ती म्हणाली आणि चिमटा काढून डब्यात टाकला.

कुणी सांगितलं होतं, ते ती बोलली नाही. त्यांनीही विचारलं नाही. प्रबंध अर्धा राहिला त्या वेळी घरात तीन माणसं होती आणि तिसऱ्याला अजून बोलता येत नव्हतं.

ती कपडे घडी करत बसली. एका शर्टाची घडी दोनदा मोडून पुन्हा घातली. प्राध्यापकांनी खिशातून फोन काढला.

"उद्या सकाळी लेख घेऊन ये," ते म्हणाले. "हो, सहीला."

"पण सर, नमुने?"

"पुरेसे आहेत." आणखी काही बोलायला हवं होतं. ते त्यांनी तोंडात घोळवलं. "आणि त्या कोपऱ्यातल्या टाकीचा पंप खडखडतोय, तेवढा बघ."

फोन ठेवला, तरी बायकोने मान वर केली नाही.

"एक विचारू?" ती म्हणाली. "डोहात मोठा झालेला मासा आता उचलून धारेत सोडला, तर?"

"हाडं बसलेली असतात. आकार नाही बदलत."

"आकाराचं कुठे विचारतेय मी? पोहतो का?"

प्राध्यापक वाकले आणि बुटाची नाडी सोडवू लागले. गाठ साधीच होती, पण बराच वेळ लागला.

"ते कधी कुणी बघितलं नाही," ते म्हणाले.