पांढऱ्या वस्त्रातला काळा चेहरा

फर्निचरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांना जाड पडदे, आत एकच मिणमिणता दिवा. समोरच्या खुर्चीवर आमच्या गल्लीतला बेकरीवाला गळ्यापर्यंत पांढऱ्याशुभ्र, चकचकीत सॅटीनमध्ये गुंडाळून बसला होता. पाठीमागेही पांढराच पडदा. फ्लॅश पडला. छोट्या प्रिंटरमधून फोटो सरकत बाहेर आला आणि बाबांच्या चेल्याने तो सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. सॅटीनची चुणी न् चुणी दिसत होती, पण बेकरीवाल्याचं तोंड तव्यासारखं काळं आणि डोळ्यांच्या जागी नुसते दोन खड्डे.

"अगं बाई!" माझ्या शेजारची बाई म्हणाली आणि तिने माझाच हात घट्ट धरला.

उजेडबाबा शांतपणे उठले. हे नाव त्यांना लोकांनी दिलं, असं ते स्वतः सांगत.

"शुभ्र वस्त्रात माणूस उजळायला हवा की नको? बोला!"

"हवा!" हॉल एका आवाजात म्हणाला.

"मग हा काळा का? कारण पांढरं वस्त्र आतली छाया बाहेर ओढतं. डॉक्टरच्या मशीनला ही छाया दिसते का? त्याच्या मशीनला फक्त तुमचा खिसा दिसतो!"

लोक खदाखदा हसले. बेकरीवाला मात्र रडायच्या बेतात आला होता. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आठवडाभराची साधना सांगितली, आणि मग काळ्या मखमलीतला फोटो काढू म्हणाले. काळं वस्त्र उरलीसुरली छाया पिऊन टाकतं म्हणे. भिंतीवर असे जोडफोटो ओळीने लावले होते. आधी पांढऱ्यात काळा माणूस, नंतर काळ्यात गोरापान. त्या ओळीत माझी ताई होती.

ताईच्या छातीत गाठ आहे. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, वेळेत सापडली आहे, काढून टाकू, उशीर करू नका. ऑपरेशनचा दिवसही ठरला होता. त्यात ताईला कुणीतरी या हॉलमध्ये आणलं. पहिल्या फोटोत ती काळीठिक्कर आली आणि घाबरून अर्धी झाली. साधना केली, दुसऱ्या फोटोत चंद्रासारखी उजळली. बाबा म्हणाले, छाया गेली, आता कशाला चिरफाड? आणि ताईने ऑपरेशन रद्द करायचं ठरवलं.

माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टच्या फोटोत लोकांचे दोन्ही कान दिसताहेत की नाही, हे बघण्यात माझं आयुष्य चाललंय. भिंतीवरचे ते जोडफोटो पाहिले आणि मला एकदम हसू आलं. पाठोपाठ रागही आला. चेल्याच्या कॅमेऱ्यावरचा फ्लॅश ऑटोवर होता. सगळा चमत्कार तेवढाच होता.

मी हात वर केला. "बाबा, तुम्ही बसा ना या खुर्चीत. पांढऱ्या वस्त्रात. आम्हाला तुमचं तेज बघायचंय."

गर्दीला कल्पना भलतीच आवडली. "बसा बाबा, बसा!" चेल्याचा चेहरा पडला. बाबांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, हसले आणि बसले. सॅटीन गुंडाळलं. फ्लॅश पडला. फोटो बाहेर आला.

बाबा बेकरीवाल्याहून काळे आले होते.

मला वाटलं, जिंकले! मी ओरडून सांगायला लागले, "अहो, हा सगळा त्या पांढऱ्या कापडाचा खेळ आहे! फ्लॅशला..."

"बघा," बाबा म्हणाले. डोळे मिटलेले, आवाज अगदी मऊ. "ही मुलगी मला उघडं पाडायला आली होती. पण तिच्यामुळेच आज तुम्हाला सत्य दिसलं. तुमच्या सगळ्यांच्या छाया कुठे गेल्या, असं तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. मीही कधी बोललो नाही. त्या मी माझ्या अंगावर घेतल्या."

बेकरीवाल्याने धाय मोकलून त्यांचे पाय धरले. मागून लोटालोट झाली, कुणाची तरी चप्पल माझ्या पोटरीवर आली. मी फ्लॅश, कापड, प्रकाश असं काहीबाही ओरडत होते आणि ते कुणाच्या कानापर्यंतही जात नव्हतं. ताई दुसऱ्या रांगेत होती. ती हमसून हमसून रडत होती, आणि त्या रडण्यात किती सुटल्यासारखं वाटत होतं तिला, ते मला इतक्या लांबूनही कळत होतं. बाबांच्या भक्तीत आज जी भर पडली, ती मी घातली होती.

दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा घेऊन ताईच्या घरी गेले. दाजी दाढी करत होते. मला पाहून म्हणाले, "तूच बघ बाई. मी बोललो तर ती जेवत नाही." आणि पुन्हा आरशात पाहायला लागले.

मी ताईला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं आणि खिडकी लावली.

"हे बघ ताई, फ्लॅशला एक डोळा असतो. फ्लॅश पडला की समोरून किती उजेड परत आला, ते तो मोजतो. पुरेसा आला असं वाटलं की फ्लॅश तिथल्या तिथे बंद. याला ऑटो म्हणतात. पण समोर माणूस आहे की चादर आहे, हे त्या डोळ्याला कळत नाही. पांढरी चकचकीत चादर ढीगभर उजेड परत फेकते. त्याला वाटतं, झालं काम. तो लवकर विझतो आणि तुझा चेहरा अंधारात राहतो."

"आणि काळ्यात?"

"काळं कापड उजेड परतच देत नाही. त्याला वाटतं, अजून हवा, अजून हवा. तो ओततच राहतो. चेहरा पिठासारखा पांढरा पडतो."

मी तिला पांढऱ्या चादरीत गुंडाळून फोटो काढला. काळी. मग दाजींचा काळा रेनकोट उलटा करून, आतलं मळखाऊ काळं अस्तर बाहेर ठेवून पांघरला आणि मागे काळं ब्लँकेट टांगलं. गोरीपान! मग फ्लॅशचं मोजणं बंद केलं, म्हणजे दरवेळी ठरलेला तेवढाच उजेड पडणार, आणि दोन्ही कापडांत पुन्हा फोटो काढले. दोन्हींत ताई ताईसारखी दिसली. थोडी सावळी, थोडी दमलेली, कपाळावर आठी.

ताई कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकून चारही फोटो पुन:पुन्हा पाहत होती. तिला कळलं. नुसतं कळलं नाही, तिने दाजींना हाक मारून माझ्यापेक्षा सोपं करून समजावलं. "अहो, म्हणजे तो फ्लॅश आपल्या धाकट्यासारखा आहे. ताट भरलेलं दिसलं की उठला पानावरून, पोट भरलंय का ते बघायचं नाही!" आम्ही तिघंही हसलो. मला वाटलं, झालं. पोचली.

"मग ऑपरेशनला येतेस ना?" मी विचारलं.

ती चादरीची घडी घालत राहिली. टोकाला टोक जुळवून, तळहाताने सारखी करत.

"फ्लॅशला फसवता येतं, हे पटलं मला."

"मग?"

"पण बाबा काळे आले ना काल? त्यांनी घेतली ना सगळ्यांची छाया?"

"ताई! अगं तेसुद्धा त्याच चादरीमुळे! आत्ता तूच समजावलंस दाजींना!"

"हो गं." तिने घडी मांडीवर ठेवली. "छोटे, डॉक्टरीणबाई म्हणतात गाठ आहे. त्यांचं ऐकलं की मला रात्रभर डोळा लागत नाही. बाबा म्हणतात गेली. त्यांचं ऐकलं की मी झोपते. मला ऑपरेशनची भीती वाटते. तुझ्या कॅमेऱ्यात त्याला काही आहे का?"

नव्हतं. मी तिला जवळ घेतलं, भांडले, पाया पडले, मुलांची शपथ घातली. दाजी दारात उभे राहून टॉवेलने कोरडा गाल पुसत होते.

ठरलेल्या दिवशी मी एकटीच हॉस्पिटलात जाऊन बसले. वेडी आशा, दुसरं काय! वाटलं, शेवटच्या क्षणी रिक्षातून उतरेल. नर्सबाईंनी ताईचं नाव पुकारलं, थोड्या वेळाने पुन्हा पुकारलं. मी उठून सांगितलं, "नाही आल्या." त्या "बरं" म्हणाल्या आणि पुढचं नाव पुकारलं. एक बाई उठली. तिचे ओठ कोरडे पडले होते, नवऱ्याचा शर्ट तिने मुठीत धरला होता. ताईइतकीच घाबरली होती ती. पण ती आत गेली.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. कुणी फोटोत चमत्कार दाखवला तर कापड बदलून पुन्हा फोटो काढायला सांगा. कॅमेरा फार तर कातडीवरून परत आलेला उजेड मोजतो, आणि तोही चुकीचा. आतलं त्याला काही दिसत नाही, बाबालाही दिसत नाही. आणि भीती वाटत असेल तर वाटू द्या, तिची लाज नको. ती सोबत घेऊनच डॉक्टरकडे जा. माझी ताई आता छान झोपते. गाठ वाढते आहे.