गंजकी कढई

दुकानात भाऊ बसे आणि मागच्या मोरीपाशी बहीण रंग उकळत बसे. रसवाल्याकडून डाळिंबाच्या सालींची पोती येत. साली वाळवणं, भिजवणं, उकळणं, गाळणं, त्यात कापड रात्रभर बुडवणं, सगळं तिचंच. बाहेर येई तो राखाडी रंग, विझत्या निखाऱ्यावरच्या राखेसारखा. ‘हा रंग मी शोधला,’ असं भाऊ गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगे की आता त्याला ते आठवूही लागलं होतं.

एकदा बहीण व्यापाऱ्यासमोर बोलून गेली, की रंग मी करते. झालं. चार लोकांत आपली शोभा झाली, असं भावाचं म्हणणं पडलं आणि तिने वेगळं राहावं असं ठरलं. भावजयीला कृती तोंडपाठ झालीच होती. बहीण निघाली तेव्हा भावजयीने मोठ्या मनाने रंग उकळायची जुनी लोखंडी कढई दारात आणून ठेवली.

“वन्सं, ही तुम्हीच न्या. नव्या भांड्यांत फार गबाळी दिसते.”

मग स्टीलच्या पातेल्यात भावजयीने सगळं बिनचूक केलं आणि कापड निघालं पिवळं. पुन्हा केलं, पुन्हा पिवळं. आधी रसवाल्याचा उद्धार झाला, मग पाण्याचा, शेवटी नणंदेच्या नजरेचा. राखाडी त्या कढईच्या गंजातून येतो हे भावाला कळलं, तेव्हा व्यापारी दुसऱ्या दिवशी यायचा होता.

तो बहिणीच्या भाड्याच्या खोलीवर गेला आणि कढई मागितली.

“ने. फक्त व्यापाऱ्याला सांग, रंग ताईचा आहे.”

“ताई, आपल्यात तुझं-माझं कधीपासून?”

“नाही ना? मग सांगायला काय जातंय?”

भावाने चहा संपवला, तब्येतीची चौकशी केली आणि रिकाम्या हाताने घरी गेला. राखाडीला आता कोणी विचारत नाही, असं त्याने व्यापाऱ्याला सांगितलं. व्यापाऱ्याने पिवळं कापड चिमटीत धरून पाहिलं, घडी घालून परत ठेवलं आणि तो जो गेला तो गेलाच.

बहीण साली मागायला रसवाल्याकडे गेली होती. साली तुमच्या भावाला बांधलेल्या आहेत, तो म्हणाला, तुमच्या घरच्या भांडणात मला ओढू नका. त्या कढईत ती आता आंघोळीचं पाणी तापवते.

दुकानामागे पोती अजून येतात. कुजली की भाऊ ती स्वतः उचलून कचऱ्यात टाकतो. रसवाल्याला ‘तिला दे’ म्हणत नाही.