बॅटरीची पूजा

उदबत्तीचं टोक. लाल, मुगाच्या दाण्याएवढं, वर वाकलेली राख अजून पडायची राहिलेली — गाडीच्या बंद काचेतून लोटनला आधी दिसलं ते एवढंच, आणि मग नजर खाली घसरत गेली. उदबत्ती खोचलेलं केळं, केळ्याखाली लाकडी पेटीचा काठ, पेटीत नवी कोरी बॅटरी, तिच्या माथ्यावर हळदीकुंकवाची बोटं... आणि तिला लावलेले दोन्ही चिमटे, लाल आणि काळा, सकाळी त्यानं लावले होते तसेच. चार्जिंग चालू होतं. आणि खिडक्या बंद होत्या. सगळ्या.

खिडक्या मी उघड्या ठेवल्या होत्या, मागचं दारही सताड उघडं ठेवलं होतं — तो स्वतःलाच सांगत होता, जणू कुणी त्याच्याकडे खुलासा मागत होतं. बॅटरीवाल्या गनीभाईनं तंबी दिली होती, "लोटनभाऊ, बाकीचं विसरलात तरी चालेल, पण चार्ज होताना ही गॅस सोडते. मोकळ्यावर काही करत नाही बिचारी. कोंडली आणि ठिणगी भेटली, की मग ऐकत नाही कुणाचं." आणि इथं ठिणगी चंदनाच्या वासाची होती, त्याच्या बायकोनं, कुंदाबाईनं, हात जोडून ठेवलेली.

हात चिमट्याकडे गेला होता. म्हणजे मनानंच, काचेच्या अलीकडूनच. सगळं ओढून तोडून टाकावं असं वाटलं. पण चालू करंटात चिमटा ओढला की तिथंच ठिणगी उडते, हेही गनीभाईच बोलला होता. आधी बटण, मग चिमटा. पण बटण घरात, ओट्यापलीकडे, आणि विस्तव इथं... लोटननं मागचं दार हलकेच उघडलं. निजलेल्या माणसाच्या खोलीत जावं तसा वाकून आत गेला, श्वास धरून. श्वास धरून काय होणार होतं? पण धरला खरा. केळं उचललं, छातीपासून लांब धरून बाहेर आणलं आणि धुण्याच्या बादलीत उदबत्ती बुडवली. चर्र झालं. मग परत येऊन एकेक खिडकी सरकवली, घरात जाऊन बटण बंद केलं. एवढं करून तो गाडीच्या पायरीवर बसला तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की केळं अजून हातातच आहे.

वारा आरपार वाहत होता. काही झालं नव्हतं. समोर मीटरच्या डब्यावर साळुंकी बसली होती, पलीकडे कुणीतरी खलबत्त्यात लसूण कुटत होतं, आणि हे सगळं जागच्या जागी असल्याचा त्याला एवढा आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. खुळ्यासारखं बसून राहावंसं वाटलं. काही झालं नव्हतं!

मग राग यायला हवा होता. त्यानं वाटही पाहिली. केळ्यात उदबत्ती खोचण्यात नवल नव्हतं. या मुलखात केळं घरात असतंच, उदबत्तीचं घर वेगळं कोण विकत आणतो? घरात नवी वस्तू आली की कुंदा हेच करते — मिक्सर आला तेव्हा, त्याची मोटारसायकल आली तेव्हा, तिच्या श्वासाची मशीन आली तेव्हासुद्धा. झोपेत श्वास अडतो म्हणून डॉक्टरांनी रोज रात्री नाकाला लावायला दिलेली ती मशीन. तिच्या नळीला कुंदा सोंड म्हणते. तीन वर्षं झाली. तीन वर्षांत ती धुळ्याकडे, माहेरी, एक रात्रही राहिलेली नाही. तिचा भाऊ पुना दर सणाला फोन करतो, आणि ही म्हणते, राहू द्या. खेड्यावर लाइट जाते, मशीन बंद पडते, राहू द्या. अगदी हसून म्हणते. ते राहू द्या ऐकून ऐकून लोटननं शेवटी ही जुनी मिनीबस घेतली होती, सीटा काढून आत पलंग ठोकला होता, पलंगाशेजारी मशीनसाठी ही बॅटरी. उद्या सकाळी निघायचं होतं.

आणि गॅसबद्दल तिला एक अक्षर सांगितलं नव्हतं. मुद्दामच. घाबरली असती, परत राहू द्या म्हणाली असती... मग तिनं खिडक्या लावल्या तर चूक कोणाची? रागाला येण्यासाठी दारच उरलं नव्हतं. आपणच ते लावून घेतलं होतं.

पदराला हात पुसत कुंदाबाई बाहेर आली. उद्याच्या वाटेसाठी कळण्याच्या भाकरी करत होती; कपाळावर पिठाचं बोट उमटलेलं.

"केळं कसाले उचललं?"

"खिडक्या तू लावल्यास?"

"वारामा उदबत्ती इझस, म्हनीसन लाई टाक्यात."

तेव्हा त्यानं सांगितलं. सगळं — गॅस, ठिणगी, खिडक्या का उघड्या हव्यात. सांगताना आवाज मुद्दाम साधा ठेवला, तरी शेवटी चिरकलाच. ती ऐकत राहिली. एकदा गाडीत डोकावली, एकदा त्याच्या हातातल्या केळ्याकडे पाहिलं. आता म्हणेल. आता म्हणेलच राहू द्या — त्यानं मान खाली घातली.

ती त्याच्या शेजारी पायरीवर टेकली.

"माले सांगाले काय व्हयनं व्हतं?" ती म्हणाली. "रातले मना सास यानावरच चालनार शे ना? मंग याना पाया पडाले नको का?"

त्याला वाटलं होतं, तिच्या लेखी बॅटरी म्हणजे एक मिक्सर. आणि आपला श्वास हिच्यावरच म्हणून ती कधीपासून या बॅटरीकडे बघत होती, तिला हात जोडून काय काय मागत होती... आणि त्याला एका शब्दानं बोलली नव्हती. गाडीचा त्याचा उत्साह मोडू नये म्हणून.

"भीती वाटते तुला?" त्यानं विचारलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"वाटस ना." गाडीच्या उघड्या दाराकडे बघत, "पन जावाले बी वाटस."

लोटननं मान हलवली. उद्या रात्री पुनाच्या अंगणात ही बॅटरी तिला साथ देईल की नाही, हे त्याला सांगता आलं नसतं. तिनंही विचारलं नाही. पण इतकी वर्षं रात्री एका पलंगावर पाठीला पाठ लावून आपण तिचा श्वास अडेल म्हणून भीत पडलो, आणि तीही तशीच असणार — स्वतःच्याच श्वासाला भीत, जागी, तो झोपलाय असं समजून गप्प... दोघंही एकमेकांची झोपमोड नको म्हणून. मघाशी गाडीत धरलेला श्वास जणू आत्ता कुठे सुटत होता, आणि किती वेळ सुटतच राहिला. ती तशीच त्याला टेकून बसली होती, पिठाच्या हातांनी, आणि उठायची घाई दोघांनाही नव्हती.